मोटारीचे अर्धे मिटलेले डोळे

कवितेची समीक्षा होते, नाटकाची होते, चित्रपटाची तर दर आठवड्याला होते. यंत्राच्या वाट्याला मात्र समीक्षा क्वचितच येते. त्याच्या वाट्याला येते ती जाहिरात, नाहीतर तक्रार. वास्तविक यंत्र ही सुद्धा कोणीतरी विचारपूर्वक केलेली रचना असते. तिच्यामागे हेतू असतो, तिच्यावर बंधने असतात आणि त्या बंधनांतून काढलेली वाट कधी सुरेख असते, तर कधी ओढूनताणून आणलेली. पुढे ती वस्तू दुसऱ्याच्या हाती जाते आणि तो आपल्या आवडीप्रमाणे तिच्यात फेरफार करतो. त्या फेरफाराचेही गुणदोष पाहता येतात. या लेखात आम्ही असाच एक फेरफार परीक्षणासाठी घेतला आहे.

काही जुन्या स्पोर्ट्स मोटारींचे पुढचे दिवे दिवसा दिसतच नाहीत. ते बॉनेटच्या आत लपलेले असतात. चालकाने बटण दाबले की बॉनेटचे दोन चौकोनी तुकडे झाकणासारखे वर उचलले जातात आणि त्यांच्याखालून दिवे बाहेर येतात. यांना 'पॉप-अप हेडलाइट' म्हणतात. आपल्या रस्त्यांवर अशा मोटारी फारशा दिसल्या नाहीत. पण खेळण्यातल्या मोटारी, चित्रपट आणि संगणकावरील शर्यतींचे खेळ यांमुळे विद्यार्थ्यांना त्या ओळखीच्या आहेत. जपान, अमेरिका आणि ब्रिटन येथे या जुन्या मोटारी जिवापाड जपणारे हौशी लोक आहेत. त्यांपैकी बरेचजण या दिव्यांत स्वतःच्या कल्पनेने बदल करतात. कोणी एकच दिवा मिटून मोटारीला डोळा मारायला लावतो, कोणी जुना दिवा काढून त्या जागी लहान, आधुनिक दिवा बसवतो, तर कोणी दोन्ही दिवे अर्धवटच उघडे ठेवतो. या शेवटच्या प्रकाराला ते 'स्लीपी आय', म्हणजे पेंगुळलेले डोळे, म्हणतात. हे रूप अतिशय लोकप्रिय आहे, आणि त्यात मौज आहे हे आम्हीही मान्य करतो. माणसाला दोन गोल आणि खाली एक आडवी फट दिसली की त्यात चेहरा दिसतो, आणि चेहऱ्याला भाव देण्याचा मोह कोणाला होत नाही?

परंतु दिवा हा दागिना नव्हे. त्याचे काम प्रकाश ठरावीक जागी टाकणे आणि ठरावीक जागी न टाकणे हे आहे. म्हणून या फेरफारांना आम्ही एकच कसोटी लावणार आहोत: फेरफार केल्यानंतर प्रकाश कोठे पडतो, आणि उद्या, परवा, सहा महिन्यांनीही तो तेथेच पडेल का?

दिवे लपवले कशासाठी?

दिवे लपवण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील 'कॉर्ड ८१०' ही १९३६ सालची मोटार तिच्यासाठी प्रसिद्ध आहे. गॉर्डन ब्यूरिग या रचनाकाराने विमानाच्या उतरण्याच्या दिव्यांवर बेतलेले दिवे तिच्या पुढच्या मडगार्डांत बसवले होते. ते बाहेर काढण्यासाठी डॅशबोर्डच्या दोन टोकांना दोन हँडले होती. ती हाताने फिरवावी लागत. येथे हेतू मुख्यतः रूपाचा होता.

पुढे या कल्पनेला खरे बळ मिळाले ते कायद्यामुळे. अमेरिकेत १९४० पासून मोटारींना 'सील्ड बीम' दिवे सक्तीचे झाले. यात तार, आरसा आणि काच एकत्र बंदिस्त केलेली असतात. सुरुवातीला त्याचे एकच माप मान्य होते, ७ इंच व्यासाचे गोल. या नियमाचा फायदा मोठा होता. कोणत्याही गावात, कोणत्याही मोटारीचा दिवा मिळे आणि तो बसवला की प्रकाशाचा आकार बिनचूक येई. तोटा असा की मोटारीच्या नाकाचा आकार रचनाकाराच्या हाती राहिला नाही. शिवाय दिव्याचा मध्य जमिनीपासून किती उंच असावा यालाही किमान मर्यादा आहे. अमेरिकेच्या सध्याच्या नियमाप्रमाणे ती २२ इंच, म्हणजे सुमारे ५६ सेंमी आहे. युरोपातील नियमांप्रमाणे खालच्या झोताच्या दिव्यासाठी ती ५० सेंमी आहे. दिव्यापुढे उतरती काच लावून आकार साधावा, तर १९६८ पासून अमेरिकेत त्यालाही मनाई झाली.

आता रचनाकाराची अडचण पाहा. हवेचा रोध कमी करण्यासाठी त्याला नाक खाली, निमुळते आणि गुळगुळीत हवे. कायद्याला मात्र तेथे पसरट, उभा आणि पुरेसा उंच दिवा हवा. दोन्ही मागण्या एकाच वेळी पुऱ्या होणे कठीण. मग त्याने वेळच वाटून दिली. दिवसा नाक निमुळते, रात्री दिवा उंच. ब्रिटनची 'लोटस एलान' (१९६२), अमेरिकेची 'कॉर्वेट' (१९६३ पासूनची), जर्मनीची 'ओपेल जीटी' (१९६८), जपानची 'माझदा आरएक्स-७' (१९७८) आणि त्याच कंपनीची 'एमएक्स-५' (१९८९) ही सर्व या तडजोडीची अपत्ये होत.

तडजोड बुद्धिमान होती, पण निर्दोष नव्हती हेही नोंदवले पाहिजे. हवेच्या रोधाची बचत केवळ दिवसापुरती. रात्री दोन खोकी वाऱ्यासमोर उभी राहत आणि ती बचत बरीचशी नाहीशी होई. शिवाय मोटार, दांडे, बिजागऱ्या आणि तारा यांचे वजन चोवीस तास वाहावे लागे. १९८३ मध्ये अमेरिकेने बदलता येणारा बल्ब आणि मोटारीच्या आकाराला जुळणारी काच यांना परवानगी दिली, आणि दिवे लपवण्याचे एक मोठे कारणच संपले. पुढे संगणकाच्या साहाय्याने गुंतागुंतीच्या आकाराचे आरसे काढता येऊ लागले. काही देशांत दिवसाही दिवे लावून चालण्याचे नियम आले. पादचाऱ्याला धडक बसल्यास इजा कमी व्हावी म्हणून मोटारीच्या पुढच्या भागाविषयी युरोपात कडक अपेक्षा निर्माण झाल्या. 'एमएक्स-५'च्या दुसऱ्या पिढीत, १९९८ पासून, दिवे स्थिर झाले. 'कॉर्वेट'ची पाचवी पिढी आणि 'लोटस एस्प्री' या दोन्हींचे उत्पादन २००४ मध्ये थांबले, आणि त्यांच्याबरोबर हे दिवेही नव्या मोटारींतून गेले.

एक अंश म्हणजे किती?

दिव्याच्या दिशेत थोडा फरक पडला तर काय मोठेसे बिघडले, असे वाटणे स्वाभाविक आहे. म्हणून आकडे मांडून पाहू.

समजा दिवा जमिनीपासून ६० सेंमी उंच आहे. खालच्या झोताची, म्हणजे आपण ज्याला 'डिपर' म्हणतो त्याची, वरची कड साधारणपणे १ टक्का उतार देऊन बसवतात. म्हणजे दर १०० मीटरला ती १ मीटर खाली येते. हा कोन फक्त ०.५७ अंशाचा आहे. या हिशेबाने ती कड ६० मीटरवर रस्त्याला टेकते.

आता दिवा ५ अंशांनी जास्त खाली झुकला असे समजा. एकूण कोन ५.५७ अंश झाला; त्याची टॅन्जंट जवळजवळ ०.०९७५. म्हणजे ६० सेंमी उंचीवरून निघालेली कड साधारण ६ मीटरवरच जमिनीला टेकेल. ताशी ८० किमी वेगाने जाणारी मोटार सेकंदाला २२ मीटर अंतर कापते. अडथळा दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, आणि ब्रेकने दर सेकंदाला ६ मीटर प्रति सेकंद इतका वेग कमी केला, तर मोटार थांबेपर्यंत २२ अधिक ४१, म्हणजे सुमारे ६३ मीटर लागतात. दिव्याची दिशा अचूक असताना सुद्धा हा हिशेब जेमतेम जुळतो. ६ मीटरच्या उजेडात ती मोटार आंधळीच म्हणावी लागेल.

उलट बाजूची चूक पाहू. दिवा केवळ १ अंशाने वर उचलला गेला, तर झोत ०.४३ अंशाने वर चढू लागेल, म्हणजे पाऊण टक्का चढ. ५० मीटरवर त्याची कड जमिनीपासून सुमारे ९७ सेंमी आणि १०० मीटरवर १३५ सेंमी उंच असेल. समोरून येणाऱ्या मोटारीतील चालकाचे डोळे साधारण याच उंचीच्या टप्प्यात असतात. दिवा २ अंशांनी उचलला गेला, तर ५० मीटरवरच कड १८५ सेंमीपर्यंत जाते. मग मोटारीतला, सायकलवरचा, पायी चालणारा असा कोणीच त्यातून सुटत नाही.

यातली पहिली चूक फेरफार करणाऱ्याला स्वतःला भोवते. दुसरी चूक भोवते ती समोरच्या अनोळखी माणसाला. त्याने ना तो छंद निवडलेला असतो, ना त्याला त्यातली मौज ठाऊक असते. म्हणूनच हा विषय केवळ आवडीनिवडीचा राहत नाही.

शेवटच्या टोकाची करामत

आता प्रश्न असा, की जो दिवा रोज वरखाली होतो तो दर वेळी एखाद्या दशांश अंशाच्या आत त्याच दिशेला कसा येऊन थांबतो? या रचनेचा खरा गुण येथे आहे, आणि तो बाहेरून दिसत नाही.

'एमएक्स-५'सारख्या मोटारीत प्रत्येक दिव्याला स्वतंत्र विद्युत मोटार असते. तिच्या दंडावर एक आखूड क्रँक आणि क्रँकपासून दिव्याच्या खोक्यापर्यंत एक जोडदांडा असतो. क्रँक अर्धा फेरा फिरला की दिवा वर येतो, उरलेला अर्धा फेरा फिरला की खाली जातो. दोन्ही टोकांना पोहोचताच एक स्विच मोटारीचा प्रवाह तोडतो.

ज्यांनी पायाने चालणारे शिलाई मशीन वापरले आहे त्यांना यातील मर्म लगेच कळेल. पायटा अगदी वर किंवा अगदी खाली असताना मशीन अडून बसते. कितीही दाबले तरी चाक फिरत नाही, हाताने थोडे फिरवून द्यावे लागते. कारण त्या क्षणी क्रँक आणि जोडदांडा एका सरळ रेषेत आलेले असतात. कारागीर याला 'डेड सेंटर' म्हणतात. शिलाई मशीनमध्ये ती अडचण असते. दिव्याच्या यंत्रणेत रचनाकाराने तिचाच उपयोग करून घेतला. दिवा पूर्ण वर असताना क्रँक डेड सेंटरवर असतो. वाऱ्याचा दाब किंवा खड्ड्याचा धक्का दिव्यावर आला तरी तो जोर दांड्यातून सरळ क्रँकच्या आसाकडे जातो; क्रँकला फिरवू शकत नाही.

दुसरा फायदा याहून महत्त्वाचा. समजा दिव्याचा एकूण प्रवास ६० अंशांचा आहे आणि जोडदांडा क्रँकच्या मानाने बराच लांब आहे. मग क्रँक 'फ' अंश फिरला असता दिवा जवळजवळ ३० × (१ – कोसाइन फ) इतके अंश उचलला जातो. दर ३० अंशांना काय होते ते पाहा. क्रँकचे कोन ०, ३०, ६०, ९०, १२०, १५० आणि १८० घेतले, तर दिव्याचे कोन अनुक्रमे ०, ४, १५, ३०, ४५, ५६ आणि ६० येतात. क्रँक सारख्याच वेगाने फिरतो, पण दिवा सुरुवातीला हळू, मध्ये वेगाने आणि शेवटी पुन्हा हळू फिरतो. या दिव्यांची उघडझाप डोळ्याच्या पापणीसारखी मऊ वाटते ती यामुळे.

आता स्विचच्या झिजेमुळे क्रँक शेवटच्या टोकाला ५ अंश अलीकडेच थांबला असे समजा. दिव्याच्या कोनात पडणारा फरक फक्त ०.११ अंश, म्हणजे ५० मीटरवर साधारण १० सेंमी. तीच ५ अंशांची चूक प्रवासाच्या मध्यावर झाली, तर दिव्याच्या कोनात २.६ अंशांचा फरक पडतो; ५० मीटरवर सव्वादोन मीटरहून अधिक. चूक तीच, परिणाम तेवीसपट. साधी मोटार, साधा स्विच आणि स्वस्त दांडा यांच्याकडून अचूक काम करून घेण्याची ही युक्ती आहे. आमच्या मते या दिव्यांचे सौंदर्य नाकाच्या आकारात आहे त्याहून अधिक या युक्तीत आहे.

अर्धा डोळा: दिसायला एक, आतून दोन

ही युक्ती लक्षात घेऊन आता 'पेंगुळलेल्या डोळ्यां'कडे येऊ. दिवा अर्धवट उघडा ठेवण्याच्या मुख्यतः दोन रीती आहेत.

पहिली रीत मोटार मध्येच थांबवण्याची. कोणी दिव्याच्या मोटारीची वायर काढून तिच्या डोक्यावरची गोल मूठ हाताने हवी तेवढी फिरवतो. ही मूठ खरे तर मोटार बिघडल्यास दिवा वर काढता यावा म्हणून दिलेली असते. कोणी स्विचचा संच लावून प्रवाह मध्येच तोडतो. दोन्हींत दिवा थांबतो तो डेड सेंटरपासून दूर, जेथे क्रँकच्या लहानशा हालचालीने दिवा सर्वांत जास्त हलतो अशा जागी. काही संचांत ठरावीक वेळाने प्रवाह तोडतात. पण इंजिन बंद असताना बॅटरीचा दाब १२ व्होल्टच्या आसपास आणि चालू असताना १४ व्होल्टच्या आसपास असतो, म्हणजे मोटारीचा वेग बदलतो. थंडीत ग्रीस घट्ट होते, तेव्हाही बदलतो. तेवढ्याच वेळात क्रँक कधी जास्त फिरेल, कधी कमी. शिवाय वाऱ्याचा आणि खड्ड्यांचा सारा जोर आता गिअरच्या दात्यांवर येतो, आणि दात्यांमधील ढिलाईइतका दिवा सतत थरथरतो.

दुसरी रीत जोडदांड्याची किंवा त्याच्या खिळ्याच्या जागेची मापे बदलण्याची. यात क्रँक आपला अर्धा फेरा पूर्ण करतो आणि डेड सेंटरवरच थांबतो. फक्त दिव्याचा प्रवास आखूड होतो. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही मोटारी अगदी सारख्या दिसतील. आत मात्र दुसरीने मूळ रचनेचा गुण राखला आहे, पहिलीने तो टाकून दिला आहे. समीक्षकाने हा भेद सांगितलाच पाहिजे, कारण छायाचित्रात तो दिसत नाही.

तरीही दुसऱ्या रीतीला पूर्ण गुण देता येत नाहीत. 'एमएक्स-५'मध्ये झाकणाची बिजागरी मागच्या बाजूला असते. त्यामुळे अर्धवट उघडलेला दिवा जमिनीकडे तोंड करून असतो. आमच्या उदाहरणात तो ३० अंश खाली पाहील, आणि प्रकाश बंपरपासून एखाद्या मीटरच्या आतच पडेल. ते टाळण्यासाठी खोक्याच्या आत दिवा पुन्हा वर कलवावा लागतो. मग त्याची उंची कमी झालेली असते, नाकाचा पत्रा झोताचा खालचा भाग अडवू शकतो, आणि किमान उंचीचा नियम मोडण्याचा संभव असतो. ज्या उंचीसाठी दिवा उचलण्याची एवढी खटपट केली, तीच उंची घालवायची असा हा प्रकार आहे.

मग पेंगुळलेले डोळे सर्वस्वी त्याज्य आहेत का? आम्हांस तसे वाटत नाही. दिवसा, दिवे बंद असताना, मोटार अर्धे डोळे मिटून उभी राहिली तर कोणाचेही नुकसान नाही. अट एकच: दिव्याचे बटण दाबताच दोन्ही दिवे पूर्ण वर आलेच पाहिजेत, आणि अर्धवट स्थितीत दिवा लागताच कामा नये. ही अट विद्युत मंडलातच घातलेली असावी, चालकाच्या आठवणीवर सोडलेली नसावी. एक डोळा मारण्याच्या संचालाही हीच अट लागू आहे. रात्री एकच दिवा असलेली मोटार समोरच्याला मोटारसायकल वाटते, आणि तो त्या समजुतीने तिच्या बाजूने जागा काढू पाहतो. आपल्या हमरस्त्यांवर एका दिव्याच्या ट्रकने हा धडा पुष्कळांना दिला आहे.

बिघाड झाला तर काय, हा प्रश्न मूळ रचनाकारांनीही सोडवला होता. 'लोटस एलान'मध्ये दिवे उचलण्यासाठी इंजिनाच्या शोषणनळीतील कमी दाब वापरत. नळी जुनी होऊन गळू लागली की दिवे आपोआप खाली बसत, तेही रात्री चालत्या मोटारीत. नंतरच्या रचनेत हे उलटे केले गेले: कमी दाब दिवे मिटवून धरण्यासाठी, आणि स्प्रिंग ते उघडण्यासाठी. गळती झाली तर दिवे उघडे राहतात. मोटार थोडी विचित्र दिसेल, पण रस्ता दिसेल. हौशी फेरफार करणाऱ्याने निदान एवढा धडा तरी घ्यावा.

बल्ब बदलला, आरसा तोच

दुसरा लोकप्रिय फेरफार अधिक प्रखर बल्बचा. ७ इंची गोल दिवा हे जगभर चाललेले माप असल्यामुळे या मोटारींत नवे दिवे सहज बसतात. पूर्ण दिवा, म्हणजे आरसा, काच आणि बल्ब, एकमेकांसाठी बनवलेले आणि प्रमाणित असतील तर आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती जुना आरसा ठेवून त्यात फक्त एलईडी बल्ब खुपसण्याबद्दल.

एच-४ या परिचित हॅलोजन बल्बमध्ये दोन तारा असतात, एक ५५ वॉटची आणि एक ६० वॉटची. 'अप्पर'ची तार अन्वस्ताकार आरशाच्या नाभीपाशी असते. तिचे किरण जवळजवळ समांतर जातात. 'डिपर'ची तार नाभीच्या किंचित पुढे असते आणि तिच्याखाली धातूची छोटी वाटी असते. त्या वाटीमुळे प्रकाश आरशाच्या फक्त वरच्या भागावर पडतो आणि तेथून खाली परततो. म्हणजे झोताचा आकार या तारेच्या आणि वाटीच्या जागेवर अवलंबून आहे. आरशाचे नाभीय अंतर २५ मिमी धरले, तर प्रकाशाचा उगम १ मिमी वरखाली सरकल्याने किरणांची दिशा १/२५ रेडियन, म्हणजे २.३ अंश बदलते. वर पाहिलेच आहे की २ अंशांत काय होते. एलईडी बल्बमध्ये तारेऐवजी एका पट्टीच्या दोन बाजूंना चपट्या चकत्या असतात. त्यांचा आकार, जागा आणि प्रकाश फेकण्याची दिशा तारेसारखी हुबेहूब नसेल, तर आरशाला चुकीचा प्रश्न विचारल्यासारखे होते, आणि तो चुकीचे उत्तर देतो. मालकाला बॉनेटपुढचा रस्ता पांढराशुभ्र दिसतो म्हणून तो खूश असतो. परंतु जवळ जास्त उजेड पडला की डोळ्याची बाहुली आकुंचते आणि दूरचे उलट कमीच दिसते.

हा भाग आपल्यालाही अपरिचित नाही. आपल्याकडे पॉप-अप दिव्यांच्या मोटारी नाहीत, पण मोटारसायकली, जीपगाड्या आणि ट्रक यांवर असे बल्ब सर्रास दिसतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने वाहनाच्या मूळ बनावटीत मन मानेल तसा बदल करण्यास मर्यादा घातल्या आहेत. पण कलमापेक्षाही वरचा एक मिलिमीटरचा हिशेब आम्हांस अधिक पटवून देणारा वाटतो.

चांगला फेरफार कोणता?

याच कसोटीवर एका फेरफाराला आम्ही चांगले गुण देऊ. काही मालक मूळ ७ इंची दिवा काढून त्या जागी भिंगाचा लहान, प्रमाणित प्रोजेक्टर दिवा बसवतात आणि झाकण थोडेच उचलले जाईल अशा मापांचा नवा जोडदांडा करतात. भिंगाच्या दिव्यात झोताची कड आतील पडद्याने ठरते, म्हणून ती स्पष्ट राहते. क्रँक डेड सेंटरवर थांबतो. वर उभे राहणारे खोके लहान झाल्यामुळे रात्रीचा हवेचा रोधही घटतो. उंचीची मर्यादा पाळली आणि शेवटी भिंतीवर झोत तपासून घेतला, तर हा फेरफार मूळ रचनाकाराच्या विचाराशी भांडत नाही, तो पुढे नेतो. शिवाय झाकण थोडेच उघडत असल्याने मोटार पेंगुळलेली दिसते, ते वेगळेच!

एक उदाहरण सर्वच मालकांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. टोयोटाने १९८३ ते १९८७ या काळात एकच लहान मोटार दोन चेहऱ्यांत विकली. 'ट्रुएनो'ला उघडझाप करणारे दिवे, 'लेविन'ला स्थिर दिवे. आतली मोटार तीच. पुढे १९९५ पासून आलेल्या एका जपानी चित्रकथेने 'ट्रुएनो'ला अमाप कीर्ती दिली. चेहऱ्याचे आकर्षण किती बलवान असते हे यावरून दिसते; आणि दिव्याशिवायही ती मोटार तेवढीच चांगली होती, हेही.

वर्गात करण्यासारखे

या सर्व विवेचनाचा पडताळा आठवी-नववीच्या वर्गात पुठ्ठा आणि टाचण्या घेऊन पाहता येतो. ४ सेंमी लांबीची पट्टी क्रँक म्हणून, २० सेंमीची जोडदांडा म्हणून आणि ८ सेंमीची तिसरी पट्टी दिवा म्हणून घ्या. फळीवर क्रँकच्या आसापासून २० सेंमी आडवे आणि ८ सेंमी उभे अंतर सोडून दिव्याची बिजागरी टोचा. जोडदांड्याची टोके क्रँकच्या आणि दिव्याच्या मोकळ्या टोकांना जोडा. दिव्याचा प्रवास साधारण ६० अंशांचा येईल. क्रँकखाली आणि दिव्याखाली कोनमापक ठेवून क्रँक १५-१५ अंशांनी फिरवा आणि दोन्ही कोनांचा आलेख काढा. दोन्ही टोकांना आलेख सपाट होतो आणि मध्ये तीव्र चढतो, हे मुलांना स्वतःच दिसेल. मग विचारा: तुम्हांला दिवा अचूक थांबवायचा आहे, तर आलेखाच्या कोणत्या भागात थांबवाल?

दुसऱ्या दिवशी टॉर्च एका टेबलावर ६० सेंमी उंचीवर ठेवा, ५ मीटरवर भिंत असू द्या, आणि टॉर्चच्या मागच्या टोकाखाली पोस्टकार्डाच्या एकेक घडीची भर घाला. प्रकाशाचा मध्य भिंतीवर किती सेंटिमीटर सरकला ते मोजा, आणि ५० मीटरवर तो किती सरकला असता याचे त्रैराशिक मांडा. पोस्टकार्डाच्या जाडीएवढी चूक समोरच्या माणसाच्या डोळ्यांपर्यंत कशी पोहोचते, हे तोंडी सांगण्यापेक्षा या मोजमापातून अधिक नीट समजेल. रस्त्यावर दिवे बदलून घेणाऱ्या दुकानदारालाही ही मुले मग एक प्रश्न विचारतील: "बल्ब किती प्रखर आहे ते राहू द्या, झोत कोठे पडतो ते आधी भिंतीवर दाखवा."